मोठ्या काकीचं सुतक

प्रितमने तो कागद आधी उजेडाकडे धरून पाहिला. मागे काही छापलंय का, दोन कागद एकावर एक चिकटवलेत का, हे त्याने नखाने कोपरा खरवडून तपासलं. मग तो स्वयंपाकघरात आला आणि पाट्यावर वाटप वाटणाऱ्या आईच्या नाकासमोर त्याने तो नाचवला.

"वाच. मधली ओळ."

"माजा चष्मा देवापाशी हाय," भामा म्हणाली. "तूच वाच."

"'सदर मालमत्तेवरील सध्याचे व भविष्यात उद्भवणारे सर्व हक्क.' मालमत्ता! गाण्याला कोण मालमत्ता म्हणतं? मालमत्ता म्हणजे जमीन. काकाने गाण्याच्या नावाखाली जमिनीचा कागद आणलाय, आई. मी लिहून देतो."

"तू काय लिहून देऊ नको. तेच सांगते मी."

ओवे गावच्या माणसांना कागद वाचायची ही एकच रीत ठाऊक होती. वीस वर्षांपूर्वी जमिनी घ्यायला सरकारी माणसं गावात टेबलं मांडून बसली, तेव्हापासून घरात लग्नपत्रिका आली तरी लोक आधी तिच्यात सर्व्हे नंबर शोधायचे. प्रितम त्यातच वाढलेला. आता बत्तीस वर्षांचा झाला होता, स्वतः बिल्डर होता, खारघरच्या बाजूला दोन इमारतींची कामं त्याच्याकडे होती, तरी त्याची नजर गावचीच होती.

कागद होता त्याच्या धाकट्या काकाचा, महादेव घरतांचा. पनवेलपासून उरणपर्यंत गणपतीचा असा एक मांडव नव्हता जिथे महादेवची गाणी वाजत नव्हती. गौरीची गाणी, गणपतीची गाणी, फेराची गाणी. दरवर्षी श्रावणात त्याची नवी कॅसेट यायची आणि जुन्या पुन्हा खपायच्या. त्या गाण्यांचं जे काही मानधन येई ते महादेव घरी आणत नसे. तो ज्या विद्यापीठात शिकला तिकडे ते परस्पर जाई. तसं कॅसेटच्या कव्हरवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलंही असे. आता त्याला ते कायमचं करायचं होतं, म्हणजे तो गेल्यावरसुद्धा. त्याला बायको नाही, पोरंबाळं नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या वकिलाने सांगितलं होतं, वारसांची हरकत नाही असं लिहून घ्या. पुतण्याची सही हवी, भाऊ शिवाची हवी, आणि थोरल्या वहिनीची, भामाची हवी. विद्यापीठाची एक बाई आज त्या सह्या न्यायला जेवायच्या वेळेला येणार होती.

"कॅसेट कंपनीचा माणूस मला भेटला होता," प्रितम आवाज खाली घेऊन म्हणाला. "सगळे हक्क एकरकमी घ्यायला तयार आहेत ते. आकडा ऐकलास तर पाट्यावरच बसशील. आणि हा माणूस ते कुणाला देतोय? भिंतीला! विद्यापीठ म्हणजे काय, भिंतीच ना?"

"भिंती नाहीत हो," गॅसजवळून प्रितमची बायको सुनीता म्हणाली. वडे तळता तळता तिने मान वळवली. "बाई आहे. चारुता नाव आहे. गेल्या वर्षभरात चार वेळा फोन आला इथे. ‘सर आहेत का, सर कधी येणार.’ बेचाळिसाव्या वर्षी माणूस सडाफटिंग असला, की ‘सर’ म्हणणारी कुणीतरी असतेच."

"सुनीता, वडा करपतोय," भामा म्हणाली.

वडा करपत नव्हता. पण भामाला ते बोलणं पुढे जायला नको होतं. बाई असती तर बरंच झालं असतं असं तिला मनातून वाटत होतं. बाई असती तर सगळं त्या बाईवर ढकलता आलं असतं. महादेव आपल्या घराला पैसा का देत नाही, याचं दुसरं एक कारण तिला एकटीला ठाऊक होतं, आणि ते त्याला ठाऊक आहे की नाही हे तिला एकवीस वर्षांत कळलं नव्हतं.

तो दरवर्षी गौरीच्या दिवशी यायचा. मुंबईहून, बँकेला सुट्टी टाकून. तिच्या हातचं जेवायचा. तिला वाकून नमस्कार करायचा. ती घरात आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आईवेगळा. त्याच्या डोक्याला तेल तिने घातलं होतं, आणि पुढे शाळेत जायला लागल्यावर पाटीवर तिला अक्षरं त्याने काढून दाखवली होती. असा तो पोरगा. पण प्रत्येक नमस्काराला भामा त्याच्या मानेकडे बघत राहायची आणि विचार करायची, याला म्हाईत हाय का नाय?

बाहेर सेक्टरच्या मांडवात त्याचंच गाणं लागलं. उंबऱ्याशी थांबलेली गौर विचारते, ‘माझा पाट मांडला का गं, का कोणी बसलं त्यावर?’ पोरी त्यावर फेर धरून नाचत होत्या. भामाला ते गाणं कधी सहन झालं नव्हतं.

"आई," प्रितम म्हणाला, "ती आली की तू एवढंच म्हणायचं, मला कळत नाही, मुलगा सांगेल तसं. बाकी मी बघतो. शिवाकाकाला मी सकाळीच सांगून ठेवलंय."

"आनि त्यानं काय म्हटलं?"

"तो म्हणाला, वयनी करील तसं."

भामाने पाट्यावर पाणी शिंपडलं. शिवा नेहमी असंच म्हणायचा. एकाहत्तर सालीही तो असंच म्हणाला होता.

*

घरतांचा गणपती पहिल्यांदाच ओवे सोडून नवीन पनवेलच्या या बंगल्यात आला होता. जमिनी गेल्या त्याच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर प्रितमने बंगला बांधला आणि गणपती इकडे आणला. भावकीत त्यावरून थोडी कुरबुर झाली, पण टेम्पो पाठवल्यावर सगळे आले आणि आरती करून बाराच्या आत परत गेले. जेवायला राहिली फक्त घरची माणसं.

गौरीला मटण-वड्यांचा नैवेद्य असतो, म्हणून गणपतीपुढे पडदा ओढलेला होता. विद्यापीठाच्या बाई आल्या त्या नेमक्या त्याच वेळी. पस्तिशीच्या, सुती साडी, खांद्याला शबनम. दारात चपला काढून त्या आधी गौरीपुढे गेल्या, हळदकुंकू वाहिलं, मग भामाच्या पाया पडल्या.

"काकू, सर तुमच्याबद्दल फार बोलतात."

"काय बोलतो?" भामाने पटकन विचारलं.

"तुम्ही त्यांना वाढवलं ते."

वेणू, म्हणजे शिवाची बायको, भामाच्या कानाशी लागली. "जाऊबाय, ही बामणाची दिसते. ही मटण काय खायाची नाय. न खाता बसंल आनि सगल्यांची तोंडं बघत ऱ्हाईल."

"बाई, तुमच्यासाठी वरणभात वेगळा काढलाय," सुनीताने सांगून टाकलं.

"कशाला? मी सगळं खाते," चारुताबाई हसून म्हणाल्या. "माझा नवरा खात नाही, त्यामुळे घरी होत नाही. सरांनी सांगितलं, गौरीचं मटण चुकवू नका. मी सकाळपासून उपाशी आहे."

सुनीता आणि वेणूने एकमेकींकडे बघितलं. नवरा आहे म्हटल्यावर सकाळपासूनचं अर्धं बोलणं वाया गेलं होतं.

महादेव पाटावर बसला. डोक्यावर केस विरळ झालेले, पांढरा झब्बा, हाताला घड्याळ नाही. शिवा त्याच्या शेजारी. समोर प्रितम आणि चारुताबाई. वेणूही बसली, कारण तिचे गुडघे दुखत होते आणि तिला आता कोण काय म्हणणार. वाढायला भामा आणि सुनीता.

"काका," पहिला घास व्हायच्या आत कागद चारुताबाईंपुढे सरकवत प्रितमने सुरू केलं, "कागद मी वाचला. मालमत्ता शब्द आहे त्याच्यात."

"गाणी म्हणजे मालमत्ताच, कायद्यानं," चारुताबाई म्हणाल्या. "वाटल्यास मी कंसात ‘फक्त गीते’ लिहून देते."

"तुम्ही देणार लिहून. तुमचा वकील म्हणेल तसंच. आम्ही असे कागद लय बघितलेत बाई."

"प्रितम, जेव आधी," महादेव म्हणाला.

"नाही काका, मला समजून घ्यायचंय. आपल्या घरातली पोरं आहेत. शिवाकाकाचा मुलगा डिप्लोमाला आहे. त्याला तुम्ही काय दिलं? आणि तिकडे अनोळखी लोकांना... तिकडे नक्की करतात काय त्या पैशाचं? इमारतीला नाव देणार आहेत तुमचं?"

"नाव कशाला?" महादेव म्हणाला. "जेवतात."

"कोण जेवतात?"

महादेवने चारुताबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे राहू द्या. पण त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, सर संकोच करताहेत, आपणच सांगावं.

"मी वसतिगृहाचं काम बघते ना," त्या म्हणाल्या. "सणाची सुट्टी लागली की आमची खाणावळ बंद होते. आचारीसुद्धा गावी जातात. मुलंही जातात, पण सगळी नाही जात. कुणाचं गाव लांब, कुणाकडे भाड्याला पैसे नाहीत, कुणाला घरच नाही. ती खोल्यांतून बसून असतात. गणपतीत, दिवाळीत, शिमग्याला. सरांच्या पैशातून त्या दिवसांत खाणावळ चालते. नुसती चालत नाही, सणाचं जेवण होतं. आत्ता या घडीला तिकडे पंगत बसली असेल. सरांची एकच अट आहे, की उशिरा येणाऱ्याचं पान मांडायचं राहू नये. कुणी येवो न येवो, पान मांडून ठेवायचं."

"बरं काम हाय," वेणू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी यायला वेळ लागत नसे.

"पण तेच का?" प्रितम सोडेना. "दुनियेत दुसरं काही सुचलं नाही?"

"त्यांच्यावर तशी वेळ आली होती म्हणून. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा." चारुताबाई भामाकडे वळल्या. "काकू, तुम्हाला आठवत असेल. तुमच्याकडे सुतक आलं होतं. मोठ्या काकी गेल्या ना गणपतीच्या तोंडावर? म्हणून घरी गणपती बसला नाही आणि सर वसतिगृहातच राहिले. पाच दिवस पाव आणि केळी. त्या पाच दिवसांत त्यांनी पहिलं गाणं लिहिलं."

भामाच्या हातातला डाव पातेल्याला लागून वाजला.

"मोठी काकी?" वेणूने घास थांबवला. "कंची मोठी काकी?"

"बाई, तुमचा काहीतरी घोळ झाला," महादेव हलकेच म्हणाला. "मी कधीतरी बोलताना सांगितलं असेल. तुम्ही भात घ्या."

"मोठी काकी तर माज्या पोरीच्या बारशाला होती," वेणू म्हणाली. "एंशी सालापर्यंत होती ती. कवाचं सांगता तुमी बाई?"

"एकाहत्तरचं."

"एकाहत्तर?" वेणू मोठ्याने हसली. "बाई, एकाहत्तरला तर माजा पयला ववसा, नव्या नवरीचा! वैशाखात लगीन झालं माजं. गौरीला पाच सुपं भरून दिलेली मी, मोठी काकी सोता माज्या बाजूला बसलेली. सुतक कुटलं? गणपती होता, गौर होती, सगली भावकी होती. फकस्त म्हादेवभावजी नवते. परीक्षा हाय म्हून आले नाय, असं जाऊबायनंच मला सांगितलं. काय ओ जाऊबाय?"

बाहेर मांडवातलं गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधली खरखर ऐकू आली.

"मग माझं साल चुकलं असंल," महादेव म्हणाला. त्याने वडा मोडला. "सत्तर असेल. सुतक नसेल, दुसरं काही असेल. वीस वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं."

"नाही सर," चारुताबाई गोंधळून म्हणाल्या, "तुमच्या वहीत तारीख आहे. आणि तो फोटो आहे ना, खाणावळीत लावलेला. तुम्ही मुंडण केलेलं होतं."

भामाने डाव खाली ठेवला.

तिला ती दिवाळी आठवली. महादेव आला होता, डोक्यावर खुंट उगवलेले. दारात मोठी काकीच बसली होती, तांदूळ निवडत. काकी त्याला म्हणाली, "केस कुठं गेलं रं?" तो काकीकडे बघत उभा राहिला. किती वेळ तरी बघत राहिला. मग म्हणाला, "हॉस्टेलात उवा झालेल्या." काकी हसली, भामाही हसली. भामाने त्या उवांवर विश्वास ठेवला होता, कारण तिला ठेवायचा होता. एकवीस वर्षं ती हे जपून होती, की पोराच्या डोक्यात उवा झाल्या होत्या.

त्याने काकीसाठी केस काढले होते. जिवंत काकीसाठी. आणि तिच्यासमोर उभं राहून तिलाच खोटं सांगितलं होतं.

"साल बरोबर हाय," भामा म्हणाली.

"वयनी," शिवा पानातून मान वर न करता म्हणाला, "पुरं आता."

"तू गप ऱ्हा. तू तवा बी गप होतास." भामा पदराला हात पुसत पंगतीच्या मध्ये येऊन उभी राहिली. "बाई, तुमचं बरोबर हाय. सुतक आलेलं नव्हतं. पत्र गेलं होतं."

"आई, काय बोलतेयस तू?" प्रितम अर्धवट उठला.

"बस खाली. त्या साली गणपतीत जमिनीचे कागद व्हायचे होते. घरी वकिलाचा माणूस येणार होता. म्हादेव शिकलेला. तो असता तर एकेक ओळ वाचली असती, आनि तुजा बापूस आनि शिवा त्याचा वाटा दाबायचं जे ठरवून होते ते झालं नसतं. त्याला लांब ठेवायचा होता. पन सणाला पोराला येऊ नको कसं सांगायचं? तो ताप असला तरी येईल, परीक्षा बुडवून येईल. सुतक आलं म्हटलं तरच ऱ्हाईल."

"वयनी," महादेव म्हणाला, "जमिनीचं मना नको सांगूस. मना ते दिवाळीतच कळलं. अंगठा बी बगितला मी."

त्या अंगठ्याचं पुढे घरात कधी कुणी नाव काढलं नव्हतं. काशीरामने, भामाच्या नवऱ्याने, स्वतःच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा उठवला होता आणि धाकट्या भावाच्या नावापुढे उजव्या हाताचा. बी.ए.ला शिकणाऱ्या पोराच्या नावापुढे अंगठा. आणि तो कागद चाललाही होता.

"पत्र दादानं वाण्याकडून लिहून घेतलं," महादेव म्हणाला. "वाण्याचं अक्षर मी ओळखलं. दादा गेला, त्यालाही आठ वर्षं झाली. मी त्याला खांदा दिलाय. मग आज कशाला?"

"दादानं नाय," भामा म्हणाली.

महादेवने मान वर केली.

"मी लिहून घेतलं. वाण्याच्या दुकानात मी गेले होते. माज्या हातानं लिवलं असतं तर तू अक्षर ओळखलं असतंस, तूच शिकवलेलं. म्हणून वाण्याकडं गेले. काकीचं नाव मीच घातलं. म्हातारी हाय, आज ना उद्या जाईल, पाप कमी लागंल असा इचार केला. आनि त्याच्यात शेवटी जे लिवलं होतं ना... काकी जाताना बोलली, पोराचा अभ्यास मोडू नका, त्याला बोलावू नका. ते. ते बी माजं."

महादेवच्या चेहऱ्यावरचं काहीतरी गेलं. भामाला ते स्पष्ट दिसलं. एकवीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती आणि ज्याला भीत होती, ते आत्ता घडलं, आणि तिच्याच तोंडून घडलं. त्याला भाऊ ठाऊक होता. ती ठाऊक नव्हती. तिने तोंड उघडलं नसतं तर तो मरेपर्यंत तिला वाकून नमस्कार करत राहिला असता.

"ते वाक्य," तो म्हणाला. "ते वाचून मी थांबलो. नाहीतर चालत आलो असतो. दादाला असलं सुचणार नाय, असं मला कधीकधी वाटायचं. मी म्हणायचो, वाणी हुशार असंल."

वेणू पदर तोंडाला लावून रडत होती. चारुताबाई आपल्या पानाकडे बघत बसल्या होत्या, आपण काय करून बसलो हे त्यांना आता कळलं होतं. प्रितमच्या तोंडातला घास तसाच होता. मघापासून तो मालमत्ता मालमत्ता करत होता आणि आता त्याला आपल्याच बंगल्याच्या फरशीवर बसवेना.

"आना तो कागद," भामा म्हणाली. "करते सही. शिवा बी करील."

"नको," महादेव म्हणाला.

"का?"

"आज सही केलीस तर ती या पत्राची फेड होईल. उद्या तू म्हणशील, झालं, फिटलं. मना तशी नको." तो चारुताबाईंना म्हणाला, "बाई, कागद ठेवून द्या. नाही झाला तरी चालेल. मी आहे तोवर मी पाठवतोच आहे."

मग तो पुन्हा भामाकडे वळला. "एक सांग. त्या दिवशी माज्या पाटावर कोण बसलं होतं?"

"वकिलाचा कारकून."

"जेवला?"

"दोनदा वडे मागून घेतले."

महादेवच्या ओठाचा कोपरा हलला. हसला की काय, ते भामाला कळलं नाही. त्याने पान स्वच्छ केलं. सुनीता वडे घेऊन आली तेव्हा त्याने पानावर हात आडवा धरला. उठला, हात धुतले, पडद्याआडच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले, शिवाला म्हणाला, "चल, ओव्याला जाऊ जरा." भामाच्या पाया पडला नाही. दारातून म्हणाला, "निघतो."

दरवर्षी तो "येतो" म्हणायचा.

*

चारुताबाई निघाल्या तेव्हा प्रितम गच्चीवर एकटा जाऊन बसला होता. भामा प्रसादाचा पुडा घेऊन त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली. वाटेत तिने मागे वळून गच्चीकडे पाहिलं.

"बाई, कागद काढा."

"पण काकू, सर म्हणाले..."

"तो काय म्हणाला ते मी ऐकलंय. काढा. पेन हाय?"

फाटकाजवळ प्रितमची स्कूटर उभी होती. तिच्या सीटवर कागद पसरून भामाने चष्मा नसताना, अंदाजाने, एकेक अक्षर जोर देऊन आपलं नाव लिहिलं. भामा काशीराम घरत.

"साक्षीदार लागेल," चारुताबाई चाचरत म्हणाल्या. "घरातलंच कुणीतरी."

"मी करते."

सुनीता मागे येऊन कधी उभी राहिली ते दोघींना कळलं नव्हतं. सकाळी नवऱ्याच्या बाजूने बोलणारी ती, हाताला अजून पीठ होतं. भामा तिच्याकडे संशयाने बघत राहिली.

"अशा बघू नका आई. ह्यांना मी नाही सांगणार," सुनीता म्हणाली. "ह्यांची सही मी आणून देईन. आजची रात्र जाऊ दे, स्वतःहून विचारतील." आणि तिने साक्षीदाराच्या रेघेवर भराभर सही केली.

चारुताबाईंनी कागद घडी करून शबनममध्ये ठेवला. "सरांना उद्या सांगितलं की त्यांना..."

"सांगायचं नाय," भामा म्हणाली.

"म्हणजे?"

"वयनीनं सही दिली नाय, असंच सांगायचं. म्हातारी अडून बसलीय म्हणा. लोभी हाय म्हणा. म्हणा, पुढल्या गौरीला तुमी सोता जाऊन मागा, त्याशिवाय ती काय ऐकायची नाय."

चारुताबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पत्र लिहून एका पोराला घरापासून लांब ठेवणारी बाई हीच, हे त्यांना पटत होतं आणि पटतही नव्हतं.

"आणि पुढच्या गौरीला ते आले, त्यांनी मागितली, तर काय सांगाल?"

भामाने प्रसादाचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि फाटकाची कडी लावून घेतली.

"तवा बी मी नायच म्हणेन," ती म्हणाली.